लाकडाचं गोत्र

ऊद म्हटल्यावर आपल्याकडे बाळंतिणीची खोली आठवते. म्हणून आमच्या भाच्याने बर्लिनहून "मला एक ऊद घ्यायचाय" असं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, "अरे, तिकडे मिळत नसेल तर इथून पुडी पाठवते" असं सांगून टाकलं. ताईचं फार चुकलं असं नाही. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. सुगंधी अगरूचं लाकूडही ऊद आणि ज्याला तारा लावून वाजवतात तेही ऊद. आपली उदबत्ती आणि तुर्कांचं ते पोटुशी वाद्य ही एकाच शब्दाची लेकरं. एक देवासमोर जळतं, दुसऱ्यासाठी बँकेतली शिल्लक जळते, एवढाच फरक.

बर्लिनमध्ये तुर्कांची वस्ती मोठी. शेजारच्यांकडे ऐकून ऐकून भाच्याला नाद लागला, दोन वर्षं उसन्या वाद्यावर शिकला, आणि आता त्याला इस्तंबूलहून हातबनावटीचा, मैफलीत वाजवण्याच्या लायकीचा ऊद हवा होता. तिथे गलाता मनोऱ्याच्या बाजूला वाद्यांच्या दुकानांनी भरलेली एक उताराची गल्लीच आहे. सल्ल्यासाठी त्याने मला गाठलं, कारण मी मिरजेच्या तंबोऱ्यांबरोबर निम्मं आयुष्य काढलं आहे. इथवर सगळं ठीक होतं. मग त्याने एका दुकानदाराची यादी वाचून दाखवायला सुरुवात केली आणि माझा रक्तदाब वाढला.

"मामा, अक्रोडाच्या पाठीचा स्वर मधाळ. महोगनीचा उबदार. मॅपलचा लख्ख, उजळ. रोझवुडचा गडद आणि खोल. वेंगेचा गूढ."

वाचकहो, हे वर्णन वाद्याचं नसून साड्यांच्या दुकानातल्या गादीवरचं आहे. जरा नीट पाहा. मॅपल हे लाकूड पांढुरकं, तर त्याचा स्वर ‘उजळ’. रोझवुड काळपट, तर स्वर ‘गडद’. अक्रोड मधाच्या रंगाचं, तर स्वर ‘मधाळ’. म्हणजे या मंडळींनी कान लावलेलाच नाही! डोळ्यांनी रंग पाहिला आणि तोच विशेषणाच्या डबीत घालून कानात ओतला. उद्या कुणी पाठीला हिरवा रंग फासला तर स्वर कैरीसारखा आंबट लागतो म्हणतील.

आणि प्रश्न नुसत्या विशेषणांचा असता तर मी गप्प बसलो असतो. फुकट विशेषणांना मराठी माणसाने नावं ठेवू नयेत. पण या यादीत प्रत्येक विशेषणापुढे किंमत होती. अक्रोडावरून रोझवुडवर उडी मारायला पोराचा महिन्याचा पगार पुरत नव्हता. घडवणारा हात तोच, दिवस तितकेच. वाढीव पैसा जाणार ओंडक्याला. कारागिराच्या बोटांपेक्षा झाडाच्या कुळाला जास्त भाव! पूर्वी स्थळ बघायला गेल्यावर मुलगी समोर बसलेली असताना एखादे काका तिच्याशी चकार शब्द न बोलता बापाला "गोत्र कोणतं म्हणालात?" असं विचारायचे. ते काका गेले; पण त्यांचा आत्मा आता वाद्यांच्या दुकानात हिंडतो आहे.

आता जरा वाद्याच्या पोटात शिरू. उदाची पाठ म्हणजे उभ्या कापलेल्या भोपळ्यासारखी. ती पातळ लाकडी पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून बनवतात. एकोणीस-वीस पट्ट्या सहज असतात. काळी-पांढरी लाकडं आलटून पालटून लावली की कलिंगडासारखी सुरेख दिसते. गिऱ्हाईक भाळतं ते इथे. पण तार छेडली की काय होतं? तार घोडीला हलवते. घोडी चिकटवलेली असते पुढच्या तबलीवर. हलते ती तबली, बोलते ती तबली. ही तबली बहुतेक स्प्रूसची, म्हणजे आपल्या देवदाराच्या कुळातल्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाची. जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आतून तिला आडव्या पट्ट्यांचा आधार असतो. ती तबली कुठे किती तासली, त्या पट्ट्या कुठे बसवल्या आणि किती कोरल्या, यात वाद्याचा जीव असतो. पाठीचं काम मुख्यतः पोकळी बंद ठेवण्याचं आणि ताठ उभं राहण्याचं. घरातल्या कर्त्या बाईसारखी तबली राबते आणि सत्कार होतो सोफ्यावर रेललेल्या पाठीचा!

तबलीबद्दल गिऱ्हाईक विचारत नाही, कारण सगळ्या तबल्या सारख्याच फिकट दिसतात. गंमत अशी की ‘ऊद’ हे नाव पडलं तेच मुळी तबलीमुळे, असं एक मत आहे. जुन्या वाद्यांची तोंडं कातड्याने मढवलेली असत. याचं तोंड लाकडी, म्हणून हे ‘लाकूड’. ते खरं असेल, तर नावातला मानसुद्धा पुढच्या लाकडाचा आहे, मागच्याचा नव्हे.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. स्पेनमध्ये तोरेस नावाचा गिटारींचा थोर कारागीर होऊन गेला. त्याने 1862 साली एक गिटार केली. तबली चांगल्या स्प्रूसची, आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. लोकांना दाखवून द्यायला, की बोलतं कोण. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. पुढे 2018 साली इंग्लंडात लँकेस्टरच्या संशोधकांनी एकाच घडणीच्या सहा गिटारी करवून घेतल्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यात महागडं ब्राझिली रोझवुड होतं तसंच अक्रोड आणि महोगनीही होतं. बावन्न वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे चढवून त्यांना मंद उजेडात बसवलं. सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच गुण पडले! गिटार म्हणजे ऊद नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्यांना उदात अक्रोडाचा मध चाखायला मिळतो, त्यांनी एकदा तो काळा चष्मा चढवून दाखवावा. खर्च माझा.

चष्म्याचं कशाला? तुर्कस्तानातला विसाव्या शतकातला एक नामांकित ऊदवादक होता हरांत केंकुलियन. 1901चा जन्म, 1978 साली गेला. आर्मेनियन घरातला आणि लहानपणापासून आंधळा. पाठीवरचे काळे-पांढरे पट्टे त्याला आयुष्यात दिसले नाहीत, आणि त्याचं वादन ऐकून पट्टे मोजायचं सुचेल असा श्रोता मला तरी भेटलेला नाही. त्याच इस्तंबूलचा योर्गो बाजानोस ग्रीक. शेरीफ मुहिद्दीन तारगान मक्केच्या शरीफांच्या अरबी घराण्यातला; त्याने बगदादला जाऊन शिष्य तयार केले. आणि ज्याच्या हातचे ऊद आजही लोक देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे जपतात तो मानोल (1845-1915), तोही इस्तंबूलचा ग्रीकच. म्हणजे ज्या परंपरेत माणसांचं गोत्र विचारलं असतं तर निम्मी मैफल उठून गेली असती, तिच्यात आज लाकडाचं गोत्र विचारून भाव ठरतो आहे. याला काय म्हणावं?

कुणी म्हणेल, मग काय पुठ्ठ्याचा ऊद घ्यायचा? नाही हो. लाकडाला गुण असतातच. पट्टी कडी आणि खुंट्या टणक हव्यात, नाहीतर तारा त्यांना खाऊन टाकतात. पाठीचं लाकूड फार जड असेल तर वाद्य मांडीवर धोंड्यासारखं बसतं. आणि लाकूड मुरलेलं हवं. कच्चं असलं की बर्लिनच्या हिवाळ्यात खोली गरम करताच तडकतं. पण हे गुण त्या विशिष्ट फळीचे असतात, जातीचे नव्हेत. नीट वाळवलेलं साधं अक्रोड हे घाईने वापरलेल्या रोझवुडपेक्षा शंभर पटींनी कुलीन!

शिवाय त्या कुळाची अवस्था पाहा. ब्राझिली रोझवुडच्या व्यापारावर 1992 सालापासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि 2017च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या भाईबंदांना परवाना लागू लागला. ब्राझिली सोडून बाकीच्यांच्या तयार वाद्यांना 2019च्या अखेरीला सूट मिळाली, ती भाग वेगळा. आपण विशेषणं विकत घेत बसलो आणि तिकडे जंगलं विरळ झाली.

आमच्या मिरजेकडे पाहा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची पाठ कशाची? भोपळ्याची! पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला कडू भोपळा. शाळेत ज्याच्या नावाने पोराचे कान पिळले जातात तोच हा. त्याच्यावर तुणीच्या लाकडाची तबली बसते, आणि घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून कारागीर जवारी काढतो. त्या दोन पैशांच्या धाग्याने जो स्वर उघडतो तो हस्तिदंताच्या नक्षीने उघडत नाही. भोपळ्याचं गोत्र विचारणारा गवई मी अजून पाहिला नाही. तो तंबोरा मांडीवर घेतो, डोळे मिटतो आणि तार छेडतो.

भाच्याला मी तेच सांगितलं. यादी मीठवाल्याच्या पुडीला दे. आधी हे ठरव, की तुर्की बांध्याचा हवा की अरबी. तुर्की उदाची तार सुमारे साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर, अरबी त्याहून दोन-तीन सेंटिमीटर लांब. तुझ्या करंगळीला हा फरक कोणत्याही रोझवुडपेक्षा आधी कळेल. दुकानात गेलास की दांडीवरून एक डोळा मिटून बघ, वाकली आहे का. खुंट्या फिरतात का, आणि फिरवल्यावर थांबतात का. तबलीच्या रेषा सरळ आहेत का, घोडीजवळ ती फुगली किंवा बसली आहे का. मग अकराच्या अकरा तारा, वरपासून खालपर्यंत, एकेक स्वर वाजव; मध्येच एखादा मुका निघतो का ते ऐक. शेवटी मिझराप (आपल्या सतारियांचा मिजराब तो हाच) दुसऱ्याच्या हातात दे, पाठ फिरवून उभा राहा आणि ऐक. आणि पैसे उरले तर ते कारागिराला दे. घडणीवर अजून चार दिवस घालव म्हणावं.

एवढं करून कुणाला कलिंगडी पट्ट्यांचाच ऊद हवा असेल तर खुशाल घ्यावा. दिवाणखान्यात छान दिसतो. सुंदर वस्तूसाठी पैसे मोजणं यात पाप नाही. डोळ्यांच्या सुखाचं बिल कानांच्या नावावर फाडणं हे पाप आहे.

बाकी लाकडाची हौस माणसाला शेवटपर्यंत सुटत नाही, हे मलाही ठाऊक आहे. सरणावरसुद्धा काहींना चंदनच लागतं. पण निदान आत झोपलेला गृहस्थ तरी "स्वर मधाळ येतोय ना?" असं विचारत नाही.