भयकथा आणि तिचा सांगणारा

यंदा आमच्या वर्गांत एक पुस्तक फार फिरलें. त्यास वर्तमानपत्राचें वेष्टन घातलें होतें, आणि भूगोलाच्या तासाला तें नकाशावहीच्या आड वाचलें जात होतें. वेष्टन काढून पाहतां तें कै. नारायण धारप यांची एक भयकथा निघालें. पुढें पालकसभेंत एका गृहस्थांनीं विचारिलें, "असलीं भुताखेतांचीं पुस्तकें शाळेच्या ग्रंथालयांत असावींतच कशाला?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशीं आम्हांस त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देण्याचें योजिलें आहे.

प्रथम वर्गांतलीच एक गोष्ट सांगतों. आम्हीं नववीच्या विद्यार्थ्यांस ‘भयाचा एक प्रसंग’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. एका हुशार मुलानें लिहिलें, "घनघोर तमिस्रेच्या विक्राळ उदरांत आमचें अंतःकरण भयकंपित जाहलें." अशा शब्दांनीं त्यानें दोन पानें भरलीं होतीं. तो वाचूं लागतांच वर्ग हंसूं लागला, आणि बिचाऱ्याचें तोंड उतरलें. आम्हीं त्यास म्हटलें, "बाळा, वही मीट, आणि घरीं आजीला सांगशील तसें सांग." मग तो आपल्या घरच्या बोलींत सांगूं लागला. पिंप्राळ्याच्या शिवारांत केळीच्या बागेला पाणी द्यावयाचें होतें. वीज रात्रींची, म्हणून बापलेक रात्रींच गेले. बाप पार टोकाला होता. त्याच्या हातांतील बॅटरीचा उजेड तेवढा दिसत होता. एकाएकीं तो दिसेनासा झाला. मुलानें हांक मारिली. ओ आली नाहीं. इतका वेळ केळीचीं पानें वाजत होतीं, तींही थांबलीं. वर्ग चिडीचूप झाला. शेवटीं बॅटरी पाटांत पडली होती व बाप ती चांचपीत बसला होता, एवढेंच निघालें. पण तोंवर कोणी हंसलें नाहीं.

प्रसंग एकच आणि सांगणाराही एकच. मग फरक कशानें पडला? लिहितांना त्या मुलाचें लक्ष स्वतःच्या विद्वत्तेकडे होतें. सांगतांना तें बापाच्या बॅटरीकडे होतें.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या यशाचें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. त्यांनीं कल्पना पुष्कळदां पाश्चात्यांकडून घेतल्या. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वरून त्यांची ‘लुचाई’ झाली, ‘इट’वरून ‘शपथ’ झाली. परंतु घेतलेली कल्पना त्यांनीं आपल्या ओळखीच्या घरांत आणून बसविली, आणि ती साध्या मराठींत सांगितली. त्यांची ‘आजी’ नांवाची एक कथा आहे. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ या चित्रपटानें तिचाही आधार घेतला. आजी हा शब्द मुलाच्या तोंडीं सर्वांत विश्वासाचा. त्या शब्दाचाच भरंवसा वाटेनासा झाला, तर भिववावयास निराळें विशेषण कशास हवें?

यावरून कोणी असें समजूं नये कीं, अवघड भाषेंत लिहिलेली प्रत्येक भयकथा टाकाऊ होय. आमचे वरच्या वर्गांतले विद्यार्थी पुढें महाविद्यालयांत जातील, आणि तेथें त्यांस हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही छोटी कादंबरी कदाचित् भेटेल. ती १८९८ सालीं प्रसिद्ध झाली. तिचीं वाक्यें लांब व वळणावळणांचीं आहेत. अर्थ हातीं लागला असें वाटतें न वाटतें तोंच तो निसटतो. पुष्कळजण दहा पानांतच पुस्तक मिटतात. तसें करूं नये, असा आमचा आग्रह आहे.

ती कथा एक तरुण शिक्षिका सांगते. ती गरीब पाळकाची मुलगी. माइल्स व फ्लोरा या दोन पोरक्या भावंडांस शिकविण्यासाठीं ती एका मोठ्या वाड्यांत येते. तेथें तिला दोन मृत माणसें दिसूं लागतात, आणि तीं या मुलांचा घात करावयास आलीं आहेत अशी तिची खात्री होते. मुलांस वाचविणारी आपण एकटीच, हा विचार तिच्या मनांत इतका भिनतो कीं, तिची भाषा अधिकाधिक उंच चढत जाते. वाड्याची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ग्रोस मात्र साध्या बाई. त्यांस लिहितांवाचतांही येत नाहीं. तळ्याकांठीं ती शिक्षिका बोट दाखवून "ती पाहा" म्हणते, तेव्हां मिसेस ग्रोस यांस कांहींच दिसत नाहीं. भेदरलेली फ्लोरा आजारी पडते, आणि शेवटीं माइल्स त्या शिक्षिकेच्या मिठींतच प्राण सोडतो.

भुतें खरीं होतीं काय? एडमंड विल्सन या टीकाकारानें १९३४ सालीं असें मांडलें कीं, तीं त्या शिक्षिकेच्या मनांतलींच होतीं. इतर कित्येकांस हें मान्य नाहीं, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हांपुरतें इतकें स्पष्ट आहे कीं, येथें भाषेचा अवघडपणा हा लेखकाचा डौल नसून सांगणारीच्या मनाचें चित्र आहे. आमच्या विद्यार्थ्यानें मोठे शब्द वापरले ते स्वतःला मोठें दाखविण्यासाठीं. जेम्स यांनीं ते एका पात्राच्या तोंडीं घातले, तें पात्र वाचकास ओळखतां यावें म्हणून. पहिला दोष आहे, दुसरी कला आहे. आणि आम्ही शिक्षक असल्यामुळें हें पुस्तक आम्हांस भुतांहूनही अधिक भिववितें. मुलांचें रक्षण करितों असें म्हणत आपणच त्यांस किती भिववितों, हा प्रश्न तें मिटल्यावरही आमची पाठ सोडीत नाहीं.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळतों. महाराष्ट्रांत अनेक वर्षें जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी होत होती. तिचे अध्वर्यु डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्याच वर्षीं तो कायदा झाला. तरीही सातपुड्याच्या पाड्यांतून एखाद्या बाईस डाकीण ठरवून छळल्याच्या वार्ता आपल्या खानदेशास नवीन नाहींत. असें ठरविणारा साध्या भाषेंत बोलत नाहीं. त्याचे शब्द गूढ असतात, स्वर भारदस्त असतो, आणि ‘तुम्हांस दिसत नाहीं, मला दिसतें’ हा त्याचा मुख्य पुरावा असतो. ऐकणाऱ्यास अर्थ कळत नाहीं, म्हणूनच तो भितो. भितो म्हणून विचारीत नाहीं. वरील कथेंतल्या शिक्षिकेचा पुरावा याहून निराळा होता काय?

म्हणून हीं पुस्तकें काढून टाकण्यास आमचें मत नाहीं. भीति ही मुलांस घरीं, शेतांत, रस्त्यावर भेटणारच. ती प्रथम पुस्तकांत भेटली, तर पान मिटण्याची सोय तरी असते. लहानांस झोंपेपूर्वीं तीं वाचूं देऊं नयेत, हें पालकांचें म्हणणें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु मोठ्या मुलांस वेष्टनाखालीं चोरून वाचावयास लावण्यापेक्षां उघड वाचूं द्यावें, आणि वाचून झाल्यावर एकच काम सांगावें: ‘ही गोष्ट मिसेस ग्रोस यांनीं सांगितली असती, तर ती कशी झाली असती, तें आम्हांस चार वाक्यांत सांग.’ जें प्रत्यक्ष घडलें तें त्या चार वाक्यांत राहील, आणि सांगणाऱ्यानें पदरचें जें घातलें तें निराळें दिसूं लागेल.

विद्यार्थिमित्रहो, पुढें केव्हां तरी गांवांत कोणी मोठ्या आवाजांत, न कळणाऱ्या शब्दांत, एखाद्या गरीब बाईकडे बोट दाखवील. त्या वेळीं तुम्हांस जें दिसत नसेल तें ‘दिसत नाहीं’ म्हणण्याचें धैर्य तुमच्या अंगीं असावें, एवढ्यासाठींच तें पुस्तक आम्हीं ग्रंथालयाच्या कपाटांत परत ठेविलें आहे. वेष्टन मात्र काढून टाकिलें आहे.