पक्कड कुठे आहे?

दिवाळी चार दिवसांवर आली की प्रत्येक घरात एक प्रश्न उभा राहतो. कुठे तो बोनसचा असतो, कुठे पाहुण्यांचा, तर कुठे नव्या पडद्यांचा. आमच्या अंबाजोगाईच्या घरात यंदा तो पकडीचा निघाला.

त्याचे असे झाले. चकलीची भाजणी मळून तयार होती, कढईत तेल तापले होते, आणि सोऱ्याचा दट्ट्या मधेच अडकून बसला. पुढे जाईना, मागे येईना. सोऱ्या पितळी, आट्यांचा, सासूबाईंच्या काळातला. मी ओले फडके गुंडाळून पिळून पाहिला. मग आमच्या घरच्यांनी बाह्या सरसावल्या. ते बँकेत आहेत. अडलेले कोणतेही काम दोनदा नेट लावला की मार्गी लागते, असा बँकेतल्या माणसांचा समज असतो. पण सोऱ्या काही खातेदार नव्हता! शेवटी मी म्हटले, "अहो, पक्कड कुठे आहे?" आणि त्याच क्षणी ते म्हणाले, "अगं, पक्कड कुठे आहे?"

मग शोध सुरू झाला. दिवाणखान्यातल्या टेबलाचा खालचा खण हा आमच्या घरचा अडगळीचा समुद्र. त्याच्या मंथनातून सुतळीचा गुंता, संपलेले सेल, दोन लग्नपत्रिका, किल्ली नसलेली तीन कुलपे आणि कुलूप नसलेल्या पाच किल्ल्या निघाल्या. पक्कड काही निघाली नाही.

आदल्याच दिवशी लातूरहून सुट्टीला आलेला आमचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "पक्कड भंगारात गेली, आई. जूनमध्ये. पेटीबरोबर."

तो रागावून बोलला असता तर बरे झाले असते. मी कढईखालचा गॅस बंद केला.

वाचकहो, ही गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो. पण सणाच्या अंकात नुसते फराळाचेच लिहावे असे थोडेच आहे? मुलगा सातवी-आठवीत असल्यापासून त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा म्हणा ना! त्यात एक पक्कड, दोन पेचकस, एक टेस्टर, दहा-अकराचा पाना, मोडक्या पंख्याची तांब्याची तार, आणि औषधाच्या बाटल्यांतून भरलेले स्क्रू. शेजारच्यांची इस्त्री, वाड्यातल्या आजींचा रेडिओ, आमचा मिक्सर, सगळे त्या पेटीपाशी येऊन बरे होत असे. मला त्याचे कौतुक होते. पण ते एखाद्या मुलाला पतंग चांगला उडवता येतो, तेवढेच.

दहावीला त्याला चांगले गुण पडले. तो म्हणाला, "मला पॉलिटेक्निकला जायचं आहे. इलेक्ट्रिकल." आमच्या भागातल्या घरांत असे वाक्य ऐकायची कानांना सवय नाही. लातूर इतके जवळ, 'लातूर पॅटर्न'चा एवढा बोलबाला, शेजारच्या दोन मुलांचे मेडिकलचे नंबर लागलेले. आम्ही दोघांनी मिळून त्याचे अकरावी सायन्स, शिकवणी, वसतिगृह आणि 'नीट'ची परीक्षा असे सगळे ठरवून टाकले. तो लातूरला गेला त्याच आठवड्यात मी माळा आवरला. दारात भंगारवाला ओरडत होता. 'पुन्हा ह्यात लक्ष जायला नको,' असे मनाशी म्हणत ती पेटी मीच त्याच्या तराजूत ठेवली. किलोच्या भावाने तिचे जे पैसे आले, त्यांची मी कोथिंबीर घेतली.

सोऱ्या तसाच घेऊन आम्ही मायलेक चौकापलीकडच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी म्हटले, "चाचा, घटकाभर पक्कड देता का?" ते हसले. "मॅडम, हत्यार उसनं देत नाही मी. काम असंल तर करून देतो." मग त्यांनी आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडले, पितळेला ओरखडा पडू नये म्हणून चिंधी गुंडाळली, आणि दांडा आधी उलट्या बाजूला हलकेच फिरवला. दोन मिनिटांत दट्ट्या मोकळा! "जोरानं नाही निघत ते. अडकलेल्याला आधी थोडं मागं जाऊ द्यावं लागतं," असे ते सोऱ्याविषयी म्हणाले. मी मात्र मुलाकडे पाहिले नाही.

ह्या दोन मिनिटांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चाचांनी मान न वळवता हात पुढे केला, आणि मुलाने न विचारता चिंधी त्यांच्या हातावर ठेवली. त्या पेटीतली चिंधी कुठे असते, हे त्याला ठाऊक होते! "हा बसायचा की माझ्याजवळ शाळा सुटल्यावर," चाचा म्हणाले. दोन वर्षे तो तिथे बसत होता आणि मला ते माहीत नव्हते.

मी मराठीची प्राध्यापिका. अडचण आली की आम्ही शब्दकोशाकडे धावतो. त्या रात्री मी मनाशी शब्द जुळवू लागले. न्हाव्याची ती धोकटी. संत सेना महाराजांनी तर धोकटीतल्या वस्तूंनाच परमार्थाची रूपके दिली. पानसुपारीची ती चंची. माझ्या आजीच्या चंचीला कप्पे होते. काताचा, सुपारीचा, लवंगेचा वेगळा, आणि अंधारातही तिचे बोट चुकत नसे. औषधांचा तो बटवा, वाटसरूची ती पडशी. माणसाने ज्या वस्तूला जीव लावला, तिला भाषेने नाव दिले. आमच्यासारख्या पुस्तकी घरांत मात्र हत्यारांच्या पेटीला स्वतःचे नाव नाही; कारण तिला जागाच नाही. खंडेनवमीला आम्ही काय पूजतो? पुस्तके, पेन, स्कूटर आणि अलीकडे लॅपटॉप. हातोडीला गंधफूल वाहिल्याचे मला आठवत नाही.

एकदा वर्गात मी 'घरातल्या अवजारांची बोलीतली नावे' लिहून आणायला सांगितली होती. धारूरकडच्या एका विद्यार्थ्याने दोनच शब्द लिहिले: कोयता आणि कानस. त्याचे आईवडील दर साली दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. निघताना वडील कोयत्याला धार लावायची कानस फडक्यात गुंडाळून सगळ्यांत आधी बांधतात, असे तो म्हणाला. आपल्या बीड जिल्ह्यात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. माणसाचा हिशेबच हत्याराने! त्या मुलाच्या घरी हत्यार हा छंद नाही, ते पोट आहे. माझ्या मुलाला मात्र मी पोटाची भीती दाखवून हत्यारापासून लांब नेत होते.

आणि मी वर्गात शिकवते काय? मराठी नियतकालिकांचा इतिहास! किर्लोस्कर मासिकाचा जन्म १९२० सालचा, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ते एका कारखान्याच्या पोटी जन्मले, हेही सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पाना-पकडीच्या त्या जगातून मराठी मध्यमवर्गाचे एक आवडते मासिक निघाले. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. पण ती आपल्या घरालाही लागू पडते, हे कधी ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला म्हटले, "चल, पेटी आणू." त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

बाजारात तऱ्हेतऱ्हेच्या पेट्या होत्या. एक प्लॅस्टिकची, तीन मजली, दिसायला झोकदार. मला तीच आवडली. मुलाने तिची कडी दोनदा उघडझाप करून पाहिली आणि ती खाली ठेवली. "ही कडी वर्षात तुटते, आई." मग एक मोठी लोखंडी पेटी पाहिली. "मोठी पेटी घेतली की तिच्यात भंगार साठतं. चाचा म्हणतात, भरल्यावर एका हातानं उचलून जिना चढता आला पाहिजे." शेवटी पत्र्याची, हातभर लांब, वर मूठ असलेली साधी पेटी घेतली. किंमत ऐकून मी मनात तिची कोथिंबिरीशी तुलना केली आणि गप्प बसले.

हत्यारे निवडतानाही तो घाई करीना. पक्कड हातात धरून ती सहज उघडते-मिटते का, जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसतो का, मुठीवरचे आवरण घट्ट आहे का, हे त्याने पाहिले. पेचकस दोनच घेतले, पण चांगल्या पोलादाचे. शिवाय टेस्टर, दहा-अकरा आणि बारा-तेराचे पाने, लहान हातोडी, कानस, मोजपट्टी, इन्सुलेशन टेप आणि नळासाठी टेफ्लॉनची पट्टी. "संच का नाही घेत? स्वस्त पडतो," मी म्हटले. तो म्हणाला, "संचातली निम्मी हत्यारं कधी लागतच नाहीत. जे लागेल ते लागेल तेव्हा घेऊ." ही गोष्ट मला बोहारणीकडून भांडी घेताना कधी सुचली नव्हती.

घरी आल्यावर मांडणीचा प्रश्न आला, आणि इथे माझा मिसळणाचा डबा उपयोगी पडला. मी त्याला तो उघडून दाखवला. मोहरी, जिरे, हळद सगळ्यांत हाताशी. कारण फोडणी वाट पाहत नाही. तिखटाचा चमचा हळदीत जायचा नाही. आणि सगळ्यांत मुख्य नियम असा की, दुसऱ्याने वाट्यांची जागा बदलायची नाही! मुलगा हसला. "हेच तर पेटीचं आहे." मग रोजची हत्यारे वर, जड हातोडी तळाशी, धारेची कानस फडक्यात, स्क्रू आणि वायसर वेगवेगळ्या डब्यांत, आणि एक कप्पा मुद्दाम रिकामा. चालू कामातले सुटे स्क्रू त्यात ठेवायचे, म्हणजे ते सतरंजीखाली जात नाहीत.

पेचकस आणि पाने एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मी यंत्रावर बसले. त्याच्या जुन्या जीनचा पाय कापला, त्याला उभे कप्पे शिवले, वर झाकायला झडप आणि बांधायला नाडी लावली. गुंडाळी करून पाहते तो काय, हुबेहूब आजीची चंची! फक्त सुपारीच्या जागी पेचकस.

गंज लागू नये म्हणून त्याने तेलाची चिंधी ठेवली. मला आठवले की खडू ओल शोषून घेतो. मी पर्समधून खडूचे दोन तुकडे काढले आणि एका कोपऱ्यात ठेवले. पेटीत माझ्या धंद्याची एवढीच भर. झाकणाच्या आत मात्र मी एक कागद चिकटवला, आमच्या ग्रंथालयाच्या धर्तीवर: वस्तू, कोणी नेली, केव्हा, परत.

संध्याकाळी आम्ही तिघे हत्तीखान्याच्या लेण्यांकडे फिरायला गेलो. आमचे गाव लेखणीचे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे, पासोडीवर 'पंचीकरण' लिहिणारे दासोपंत इथले. पाहुण्यांना आम्ही हेच अभिमानाने सांगतो. पण हे दगडातले खांब आणि हे हत्ती कोणीतरी टाकी-हातोड्याने कोरले. त्यांची नावे आम्ही सांगत नाही, कारण ती आम्हांला माहीतच नाहीत.

तिथल्या पायरीवर बसून मी म्हटले, "पेटी विकली ते चुकलं माझं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेटीचं नाही गं एवढं. तू मला विचारलं नाहीस."

आमच्या घरच्यांनी घसा खाकरला. "फी भरली आहे," ते म्हणाले. बँकेतला माणूस बोलायची सुरुवात दुसरी कुठून करणार? "हे वर्ष पुरं कर. गणित-विज्ञान कुठंही उपयोगी पडेल. आणि जूनमध्ये तुला तेव्हाही तसंच वाटलं, तर पॉलिटेक्निकचा अर्ज भरू. मी येतो बरोबर."

"नक्की?" त्याने त्यांना नाही, मला विचारले.

मी मान हलवली. खरे सांगायचे तर छातीत थोडे धडधडतच होते. शेजारच्या दोघांचे नंबर अजून डोळ्यांसमोर होते. ते एका संध्याकाळीत जात नाहीत. पण शब्द दिला. प्राध्यापिकेने शब्द मोडायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी चकल्या झाल्या. काही मोडल्या, पण तो दोष भाजणीचा. एक डबा चाचांकडे गेला. भाऊबीज आटोपून मुलगा लातूरला गेला. पेटी मात्र त्याने घरीच ठेवली; माळ्यावर नाही, स्वयंपाकघराच्या खालच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याच्या शेजारी. जाताना म्हणाला, "वापर. पण लिहून ठेव."

त्याच आठवड्यात देवघराच्या दाराची बिजागरी ढिली झाली. मी पेटी उघडली, चंची सोडली, आणि झाकणाच्या कागदावर पहिली नोंद केली: 'पेचकस, आई, बुधवार सकाळ.' स्क्रू आवळायला मला चांगली वीस मिनिटे लागली. मग पेचकस तेलाच्या चिंधीने पुसून त्याच्या कप्प्यात ठेवला, आणि 'परत'च्या खाली बरोबरची खूण केली.