रक्तपात चालतो, मग प्रश्न का नाही?

२०२३मध्ये १५ ऑगस्ट मंगळवारी आला होता. सोमवारची एक रजा टाकली, की सलग चार दिवस मोकळे. त्यामुळे कुटुंबाला घेऊन थिएटर गाठण्याचे बेत अनेक घरांत शिजले असतील. १० आणि ११ ऑगस्ट २०२३ या दोनच दिवसांत तीन मोठे चित्रपट आले. पण कोणता पाहायचा आणि मुलांना न्यायचं का?

जेलर (यूए)
रजनीकांत इथे निवृत्त जेलर मुथुवेल पांडियन आहे. नातवाचे यूट्यूब व्हिडिओ शूट करणारा, घरात मान खाली घालून वावरणारा साधा आजोबा. मूर्तीचोरांचा तपास करणारा त्याचा पोलीस अधिकारी मुलगा बेपत्ता होतो आणि आजोबांचं जुनं रूप बाहेर येतं. पूर्वार्धातला विनोद मस्त आहे, विनायकनचा खलनायक लक्षात राहतो. मूळ तमिळ चित्रपट हिंदीतही डब झाला आहे. मात्र धडावेगळी होणारी मुंडकी पाहण्याची तयारी ठेवा. लहान मुलांना अजिबात नेऊ नका.
रेटिंग : पाचपैकी तीन स्टार

गदर २ (यूए)
२००१चा ‘गदर’ ज्यांनी तेव्हा पाहिला, त्यांच्यासाठी ही आठवणींची सहल आहे. काळ १९७१चा. तारासिंग या वेळी मुलाला सोडवायला पाकिस्तानात जातो. सनी देओल गरजला, की थिएटरमध्ये शिट्ट्या वाजतात, हे खरं. पण कथा जुन्याच रस्त्याने जाते आणि अमीषा पटेलची सकीना बराच वेळ नुसती वाट पाहत बसते. पहिल्या भागात सकीनाच्या मनातली घालमेल हा कथेचा जीव होता. इथे त्याची जागा हाणामारीने घेतली आहे.
रेटिंग : पाचपैकी अडीच स्टार

ओएमजी २ (ए)
शिवभक्त कांती शरण मुद्गल. त्याच्या किशोरवयीन मुलाचा शाळेच्या स्वच्छतागृहातला खासगी क्षण कुणीतरी चित्रित करून पसरवतं. शाळा मुलालाच काढून टाकते. लाजेने घर सोडून निघालेला बाप अखेर कोर्टात उभा राहतो आणि विचारतो, मुलांना त्यांच्या शरीराची माहिती द्यायची जबाबदारी कुणाची? पंकज त्रिपाठींनी हा बाप इतका खरा केला आहे, की तो शेजारच्या घरातला वाटतो. यामी गौतम आणि न्यायाधीश झालेले पवन मल्होत्रा कोर्टातले प्रसंग रंगवतात. शेवटी भाषणं जरा लांबतात, पण मुद्दा सुटत नाही.
रेटिंग : पाचपैकी चार स्टार

आता गंमत पाहा. मुंडकी उडवणारा चित्रपट मुलं आईबाबांबरोबर पाहू शकतात. पण किशोरवयीन मुलाची घुसमट सांगणारा चित्रपट त्याच वयाच्या मुलाला पाहता येत नाही. ‘ए’ म्हणजे १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरीही. म्हणजे हिंसा आपल्याला चालते, प्रश्न चालत नाहीत. ऑगस्ट २०२३मध्ये मंजुरी मिळालेल्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट केले आहेत. माझ्या मते ‘ओएमजी २’ची जागा शेवटच्या गटात असायला हवी होती.

दोष फक्त सेन्सॉर बोर्डाचा नाही. टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली, की चॅनल बदलणारी घरं आजही आहेत. मुलं मग उत्तरं मोबाइलवर शोधतात आणि तिथे काय मिळतं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला असा : नवराबायको दोघांनी मिळून ‘ओएमजी २’ पाहा. एकट्या आईने नाही, बाबांनाही सोबत न्या, कारण मुलग्याशी या विषयावर बोलायचं काम बऱ्याच घरांत कुणीच करत नाही. मुलाला तिकीट मिळणार नाही, पण घरी आल्यावर चित्रपटात काय होतं, हे त्याला सांगायला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही.