धुराचे मापही तपासून घ्यावे



हंगाम सुरू झाला की गावोगाव दोन तक्रारी ठरलेल्या. चिमणीची काजळी वाळवणावर पडते ही एक, अन् शेजाऱ्याने पाचट पेटवले ही दुसरी. आता हवेतला धूर मोजणारी लहान, स्वस्त यंत्रे बाजारात मिळतात. ती ग्रामपंचायतीवर बसवा, अशी मागणी होऊ लागली आहे. मागणी रास्त आहे. पण प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय अशा यंत्राच्या आकड्यावर कुणालाही दोषी धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वजनकाट्याबाबत आपण किती जागरूक असतो! प्रमाणित वजने ठेवून खात्री झाल्याखेरीज कुणी गप्प बसत नाही. आम्हीही फडात ब्रिक्स घेण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावतो. मग धुराच्या यंत्रालाच सूट का?

हे यंत्र कण तोलत नाही, बरं का. आत लेसरचा किरण असतो. कणांवर आपटून उजेड किती विखुरला, त्यावरून ते वजनाचा अंदाज बांधते. खरे वजन करायचे तर पंपाने मोजून हवा फिल्टर पेपरातून ओढायची आणि तो कागद आधी व नंतर सूक्ष्म तराजूवर तोलायचा. प्रयोगशाळेत बंद पेटीत धूर सोडून दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवतात. तिथे खरे-खोटे कळते.

अमेरिकेत वणव्यांच्या धुरामुळे हा प्रश्न आधी उभा राहिला. तेथील लोकप्रिय स्वस्त यंत्रे दुरुस्तीविना दीड-दोन पट आकडा दाखवतात, असे तुलनेत आढळले. मग दमटपणा हिशेबात घेऊन दुरुस्तीचे सूत्र बसवले गेले, आणि २०२० साली ते आकडे धुराच्या सरकारी नकाशावर आले. दमटपणाचे कारण सोपे आहे. पहाटेच्या धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्राला धूर दाट भासतो. आपल्याकडे पौष-माघात, पाणी दिलेल्या फडाच्या कडेला, काय होईल ते सांगायला नको.

उलटही घडते. वाळवणावर पडणारी बगॅसची काजळी जाड असते आणि ही यंत्रे मुख्यतः अडीच मायक्रॉनखालचे बारीक कण पाहतात. पापड काळे अन् यंत्रावर हवा चांगली! अशा वेळी त्या माउलीला खोटे कसे म्हणणार?

२०१९ साली केंद्राने अशा उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे सोपवले आहे. प्रमाणित यंत्रच घ्यावे, हे झालेच. शिवाय आपलेच बगॅस, आपलेच पाचट जाळून त्याच्या धुरात ते तपासावे, कारण धुराधुरात फरक असतो. आणि सुरुवात गावापासून नको, कारखान्यापासून व्हावी. २०१६ च्या नियमाप्रमाणे बॉयलरच्या चिमणीतून घनमीटरला १५० मिलिग्रॅमहून जास्त कण जाता कामा नयेत. ते मोजणारे यंत्रही फिल्टर पेपरशी ताडून पाहावे.

तोवर पाचट पेटवायला मोकळीक, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते. त्याला कुठल्या यंत्राच्या दाखल्याची गरज नाही.

तपासणीचे आकडे गट ऑफिसच्या फळ्यावर लावावेत, अगदी ते आपल्या चिमणीविरुद्ध गेले तरी.