कुंपणच शेत खातं तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाच्या लक्षणांवरचा एक शोधनिबंध. गूगल मॅप्सवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा रस्ता. उच्च शिक्षणासाठी सरकारी अर्थसाहाय्याचा अर्ज. लहान मुलांचा एक स्पॅनिश यूट्यूब व्हिडिओ. फ्रान्समधली एक डेटिंग साइट, तीही सदस्य क्रमांकासकट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कंपनीविरुद्ध तक्रार जाहीर केली, त्या तक्रारीत नमुन्यादाखल दिलेल्या या नोंदी. लोकांनी घरात बसून, आपल्याच संगणकावर उघडलेली ही पानं कंपनीच्या साठ्यात नेमक्या वेळेच्या नोंदीसह जमा झाली होती.

ही कंपनी कुठल्या गुन्हेगारी टोळीची नव्हती. ती होती झेक प्रजासत्ताकातली ॲव्हास्ट, जिचं मोफत अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी विश्वासाने बसवलं. आमचं उत्पादन तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्या कुकीज अडवतं, असं सांगूनच ते लोकांपर्यंत पोहोचवलं जात होतं. आणि त्याच उत्पादनातून गोळा झालेली माहिती जम्पशॉट या ॲव्हास्टच्याच उपकंपनीमार्फत शंभरहून अधिक कंपन्यांना विकली जात होती. कमिशनच्या म्हणण्यानुसार २०१४ पासूनचा असा साठा २०२० पर्यंत आठ पेटाबाइटच्या पुढे गेला होता. एक टेराबाइटच्या आठ हजार हार्ड डिस्क भरतील एवढा.

हे उघडकीला आलं ते एका संशोधकाच्या चिकाटीमुळे. व्लादिमीर पालांट यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲव्हास्टचं ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, तपासलं आणि ते प्रत्येक पानाचा पत्ता कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतं, हे दाखवून दिलं. डिसेंबरमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ते एक्स्टेन्शन आपल्या संग्रहातून काढलं. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग या प्रकाशनांनी विक्रीची कागदपत्रं बाहेर काढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जम्पशॉटला टाळं लागलं. पुढे कमिशनबरोबर १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड झाली. आरोप मान्य नाहीत, असं कंपनीने तेव्हाही सांगितलं. ज्यांची माहिती विकली गेली, त्यांतल्या बहुतेकांना ही बातमीसुद्धा कळली नसेल.

अशा वेळी एक बचाव ठरलेला असतो: नावं काढून टाकली होती, कुणाची ओळख उघड होत नव्हती. हा बचाव किती पोकळ आहे, ते जर्मनीत सिद्ध झालं. पत्रकार स्वेया एकर्ट आणि संशोधक आंद्रेआस डेवेस यांनी एक बनावट कंपनी उभी केली, विक्रेत्यांशी संपर्क साधला आणि तीस लाख जर्मन लोकांची वेब पाहण्याची माहिती नमुना म्हणून फुकट मिळवली. तिच्यात नाव कुठेच नव्हतं, प्रत्येकासाठी फक्त एक क्रमांक होता. पण ट्विटरवर स्वतःच्या खात्याची आकडेवारी पाहायला गेलं, की त्या पानाच्या पत्त्यातच तेव्हा वापरकर्त्याचं नाव यायचं आणि ते पान खातेदाराशिवाय कुणालाच उघडायचं नाही. असा एक पत्ता सापडला, की त्या क्रमांकाखालची महिनाभराची प्रत्येक भेट त्या माणसाच्या नावावर लागायची. एका न्यायाधीशाच्या खासगी आवडीनिवडी आणि एका लोकप्रतिनिधीने शोधलेलं औषध त्यांना असंच दिसलं. २०१७ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं.

त्यातली बरीचशी माहिती एक्स्टेन्शनमधून आलेली होती, आणि सामान्य माणसाचं सर्वात कमी लक्ष असतं ते इथेच. पीडीएफ जोडायला एक, व्हिडिओ उतरवायला एक, कूपन शोधायला एक, अशी पाच-सात एक्स्टेन्शन सहज जमा होतात. बसवताना क्रोम स्पष्ट विचारतं: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू द्यायचा का? आपण हो म्हणून मोकळे होतो. काही ब्राउझर पत्त्याशेजारी दाखवतात त्या कुलपाचा इथे काहीही उपयोग नाही. ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे आणि एक्स्टेन्शन तर पान उघडल्यावर आत बसून वाचतं. शिवाय आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या चांगलं राहीलच असं नाही. लाखो लोक वापरत असलेलं ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये मूळ निर्मात्याने विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोडमुळे गूगलला ते बंद करावं लागलं. मालक बदलल्याचं बहुतेक वापरणाऱ्यांना कळलंही नसेल.

म्हणून सुरक्षेसाठी आणखी काहीतरी बसवा, हा सल्ला बहुतेक वेळा उलटा पडतो. आधी काढायला शिकलं पाहिजे. ब्राउझरच्या मेनूत एक्स्टेन्शनची यादी उघडावी, महिनाभरात न लागलेलं प्रत्येक काढून टाकावं आणि जे ठेवायचं त्याला क्रोममध्ये ‘क्लिक केल्यावरच’ एवढीच परवानगी द्यावी. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतोच, घरच्या वापराला तो पुरेसा आहे. एखादं एक्स्टेन्शन अपवादाने बसवायचं असेल, तर जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं युब्लॉक ओरिजिन बसवावं. त्याची पूर्ण आवृत्ती क्रोममध्ये आता चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालते. ब्राउझर बदलायला एवढं कारण पुरे.

दुसरं दार उघडं राहतं ते दुकानात. संगणक मंद झाला की आपल्याकडे ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणून दुकानदाराकडे द्यायची पद्धत आहे. तो विंडोज टाकून देतो, ऑफिस टाकून देतो आणि दोन्ही ‘ॲक्टिव्हेट’ करून देतो. परवान्याशिवायच ते चालू करणारे हे ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना असते, आणि तिथेच धोका शिरतो. केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या एका इन्स्टॉलरमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारा क्रिप्टबॉट होता, हे रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये दाखवलं. मुलाच्या प्रोजेक्टसाठी आणि आईवडिलांच्या बँक व्यवहारांसाठी घरात एकच संगणक असेल, तर हा सौदा फार महागात पडतो.

पासवर्ड चोरणाऱ्या अशा प्रोग्रामचा धंदा आज प्रचंड मोठा आहे. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या पोलिसांनी लुमा नावाच्या प्रोग्रामचं जाळं मोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक बाधित झालेले आढळले. तो पसरवण्याची एक युक्ती प्रत्येकाने ओळखून ठेवावी अशी आहे. एखादं पान ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणतं आणि सांगतं: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने तोवर एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती आपण स्वतःच्या हाताने चालवतो. कुठलाही खरा कॅप्चा असं करायला सांगत नाही. हे कुणाच्या हातून घडलंच, तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत आणि प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ करावं, कारण लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी चोरली, की तिने पासवर्डशिवायही आत शिरता येतं.

पण सगळा भार वापरणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. त्या कायद्यात एक तरतूद आपल्या फार कामाची आहे: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय कंपनीने द्यायचा आहे. ‘तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान आम्ही नोंदवू आणि ती नोंद इतरांना विकू’ हे वाक्य मग चाळीस पानी इंग्रजी धोरणात दडवता येणार नाही. भारतात सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्याही या कायद्याच्या कक्षेत येतात. या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने मोफत अँटिव्हायरस आणि एक्स्टेन्शन पुरवणाऱ्यांकडे हा मराठी मजकूर सर्वात आधी मागावा.