पाळी, हरकत आणि हक्क

सॉफ्टबॉलमध्ये फलंदाजीचा क्रम सामन्यापूर्वी लेखी द्यावा लागतो. क्रम मोडून भलताच खेळाडू उभा राहिला आणि त्याची पाळी चालू असतानाच चूक उघडकीस आली, तर योग्य फलंदाज तेच बॉल-स्ट्राईक घेऊन पुढे खेळतो. कोणी बाद होत नाही. पाळी संपल्यावर, पण पुढच्या फलंदाजाला चेंडू टाकण्यापूर्वी प्रतिस्पर्धी संघाने हरकत घेतली, तर ज्याची पाळी होती तोच बाद ठरतो. चुकीच्या फलंदाजाच्या खेळीने मिळालेल्या धावा रद्द होतात. पुढचा चेंडू पडला, की सारे वैध! पंच ही चूक स्वतःहून सांगत नाहीत.

हा नियम आपल्या विद्यार्थ्यांनी मैदानापुरता शिकू नये. मुंबई कायदेमंडळातील बोले ठरावाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले; महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेईपर्यंत तो हक्क कागदावरच होता.

मौन बाळगले, की अन्यायही रूढ होतो. म्हणून नियम वाचणारा, आपली पाळी ओळखणारा आणि वेळेवर, संयमाने हरकत नोंदवणारा विद्यार्थी घडवणे, हेच नागसेनवनाच्या या शहरातील आपल्या निवासी शाळेचे खरे कार्य होय.