चाळीस मिनिटांची थाप

शिर्डी ते पुणे, विमानाने किती वेळ? दोन ओळींचं फंक्शन आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हॅवरसाइनच्या सूत्रात टाका, सरळ रेषेतलं अंतर येतं साधारण १३० किमी. एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० धरा, चढण्या-उतरण्याची पंचवीसेक मिनिटं मिळवा. आउटपुट: चाळीस मिनिटं! की लगेच आपल्या पोरांचा सूर सुरू, "मग हे विमान का नाही?"

मंडळी, उत्तर बरोबर आहे, प्रश्नच चुकलाय. त्या मार्गावर विमान उडतं की नाही याच्याशी या फंक्शनला काही देणंघेणं नाही. आणि माणूस काही विमानतळावर राहत नाही. तो राहतो कोल्हारला आणि त्याला गाठायचं असतं हिंजवडी.

तर करा हिशोब. शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, काकडीला आहे. कोल्हारहून तिथवर पाऊण तास. उड्डाणाआधी एक तास हजेरी. हवेत चाळीस मिनिटं. लोहगावला बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून हिंजवडी, पुण्याच्या ट्रॅफिकला कोपरापासून नमस्कार करत, सव्वा तास. बेरीज चार तास दहा मिनिटं. राहुरी-नगर-शिरूरमार्गे गाडीनेही चार-साडेचार तासच लागतात, रस्ता धड असेल तर. शिवाय एसटी चुकली तर मागून दुसरी येते.

"सुरू तर करून बघा" म्हणणाऱ्यांनो, करून झालंय. डिसेंबर २०१७मध्ये एअर डेक्कनने नाशिकच्या ओझरहून पुण्याला छोटं विमान सुरू केलं. २०२०मध्ये ती कंपनीच थांबली. 'उडान' योजनेवरचा कॅगचा २०२३चा अहवाल वाचा: ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि सवलतीची मुदत संपल्यावर मार्च २०२३पर्यंत टिकले फक्त ५४. कारण सोपं आहे. टेकऑफचं इंधन, विमानतळाचा खर्च, दोन फेऱ्यांमधला खोळंबा हे सगळं १३० किमीलाही द्यावंच लागतं. भाडं मात्र रस्त्याशी स्पर्धा करणारं हवं. अनुदान संपलं की विमान संपलं.

विमानतळाला माझा विरोध नाही. १ ऑक्टोबर २०१७ला तो सुरू झाला, दिल्ली-हैदराबादच्या भक्तांची त्याने सोय केली, छानच. पण आपल्या भागाचा खरा रनवे म्हणजे नगर-मनमाड रस्ता. कोल्हार त्याच्यावरच वसलंय. उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे ट्रक, शिर्डी-शिंगणापूरच्या गाड्या, सगळा भार त्याच्यावर. आणि त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं, ठेकेदार बदलले, आंदोलनं झाली, खड्डे तिथेच. राहुरीच्या कॉलेजला निघालेली पोरगी आणि नगरला न्यायचा पेशंट यांना हॅवरसाइन लागू पडत नाही हो, त्यांना प्रत्येक खड्डा मोजावा लागतो.

या रस्त्यावर अर्धा तास वाचवला तर तो सगळ्यांचा वाचतो, तिकीट न काढता. विमानात वाचवलेला अर्धा तास सत्तर जणांचा, तोही विमान वेळेवर सुटलं तर.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत कुणी माईकवर "चाळीस मिनिटांत पुणे" म्हणालं, की टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: साहेब, विमानतळ ते विमानतळ राहू द्या, उंबरठा ते उंबरठा किती?